पोळ्याच्या दिवशी बुडालेली होडी

आमच्या घरात खानावळ कोणी ठरवून सुरू केली नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला धरणाचं काम आलं, आमची नदीकाठची काळी जमीन पाण्यात गेली, आणि उरलेल्या बरड तुकड्यावर बाबांचं मन लागेना. धरणावर बाहेरगावची माणसं आली. त्यांना कोणीतरी भाकरी करून घालायला हवी होती, आणि आईला भाकरी करता येत होती. एवढंच. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. शाळेच्या भिंतीवर राज्याचा नकाशा नव्याने रंगवला होता आणि मास्तर आम्हाला त्यात बुलढाणा शोधायला लावत. आमचं गाव त्यात नव्हतं. देऊळघाटहून दीड-दोन कोस आत, एवढाच त्याचा पत्ता होता.

पहाटे माझे डोळे उघडायचे ते भाकरी थापण्याच्या आवाजाने. आई दोन्ही हातांनी भराभर थापायची आणि तेवढ्यातच कोणाला तरी रागवायची. बहुतेक वेळा मला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण आणि वाटीभर ठेचा, याच्या पुढे आमच्या खानावळीची मजल जात नसे. पण पोट भरल्याशिवाय माणूस उठता कामा नये, हा आईचा कायदा होता. वाढायला मी असायची. तेरा वर्षांची, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. नऊ-साडेनऊला धरणावरचे सुरुंग उडायचे तेव्हा घरातली भांडी फळीवर थरथरायची. आम्ही वर बघायचोही नाही. पाहुणे मात्र पहिल्या दिवशी ताटावरून उठून पळायचे, आणि भगवानमामा त्यांना हसायचा.

भगवानमामा आईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून आईनेच त्याला वाढवलं होतं, आणि लग्न होऊन आली तेव्हा सोबत घेऊन आली होती. मामा पंचविशीचा, अंगाने दणकट, गावातला पहिल्या नंबरचा पोहणारा. कोणाची कळशी विहिरीत पडली की मामाला बोलावणं यायचं. तो नाक-तोंड गच्च मिटून तळाशी जायचा आणि इतका वेळ वर यायचा नाही, की काठावरच्या बाया देवाचं नाव घेऊ लागायच्या. धरणात पाणी साठायला लागल्यावर ठेकेदाराने त्याला लोखंडी होडीवर कामाला घेतलं. ही होडी म्हणजे सपाट तळाची मोठी पेटीच होती. दगड, साखळ्या, ओंडके या भिंतीपासून त्या काठापर्यंत नेण्यासाठी तिचा उपयोग. तिच्या पुढच्या टोकाला, फळ्यांच्या खाली, दोर ठेवायचा लोखंडी कप्पा होता. आत जायला मागच्या बाजूने माणूस वाकून शिरेल एवढं तोंड.

त्या पावसाळ्यात धरणाच्या दरवाजात मोठं खोड अडकलं आणि दरवाजा मिटेना. ते काढायला ठेकेदाराने मुंबईच्या गोदीतून पाणबुडे बोलावले. दोनच माणसं आली. इस्माईलभाई हे पाण्यात उतरणारे, आणि दत्तू हा त्यांचा हवेचा पंप सांभाळणारा. इस्माईलभाई रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे, पन्नाशीचे, वाळक्या अंगाचे. बुडालेल्या जहाजांतला माल वर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या पेटीत रबरी पोशाख, शिशाचे बूट आणि समोर काच असलेला पितळी टोप होता. टोपाला नळी, नळीचं दुसरं टोक पंपाला, आणि पंपाची दोन चाकं दोन माणसांनी सतत फिरवायची. चाकं थांबली की खालचा माणूस संपला. मामाला या टोपाचं फार अप्रूप. मी मात्र तो आतून पाहिला होता. आत घामाचा वास यायचा.

इस्माईलभाई फार कमी खात. कामाच्या दिवशी उतरण्याआधी फक्त काळा चहा. वर आल्यावर एक भाकर. पाणबुड्याने भरल्या पोटी उतरायचं नसतं, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं. आईने दोन्ही वेळा मान डोलावली आणि ते गेल्यावर म्हणाली, "कायचं पोट अन् कायचं पानी. त्याले आपल्या हातचं आवडत नाई." हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. त्यामुळे पोळ्याला काम बंद राहणार म्हटल्यावर तिने ठरवून टाकलं. आमच्याकडे पोळ्याला बैलांआधी माणसांनी जेवायचं नाही अशी रीत आहे. पण खानावळीच्या माणसांना ती लागू नाही, असंही तिनेच ठरवलं.

त्या दुपारी इस्माईलभाईंना पुरणपोळ्या मी वाढल्या. दोन झाल्यावर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आईने चुलीपासून नुसती भुवई वर केली आणि मी हाताच्या बाजूने तिसरी सरकवली. चौथी सरकवताना म्हणाले, "बाय, माझा जीव घेशील." मी म्हणाले, "खा ना भाऊ, आज कुठं पान्यात जाचं हाये तुमाले?" आणि वर तुपाची वाटी उपडी केली. मी आज बुलढाण्यात मुलींसाठी खानावळ चालवते. तिथे मी कोणाला आग्रह करत नाही. नको म्हटलं की नको. मुली मला कडक समजतात.

जेवून इस्माईलभाई ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले. बाहेर बैल धुऊन, शिंगं रंगवून तयार होते. चार वाजता तोरणाखाली जायचं म्हणून गल्लीगल्लीत घुंगरं वाजत होती. मामा तेवढा घरी नव्हता. मुकादमाला त्याच दिवशी दगडाची एक खेप पलीकडच्या काठावर हवी होती, आणि मामा सणाच्या दिवशी हट्टाने कामावर गेला होता, कारण आईशी त्याचं आठ दिवस बोलणं बंद होतं. लोणारकडच्या एका मुलीशी त्याला लग्न करायचं होतं आणि आईने तिकडून आलेला निरोप परस्पर परत पाठवला होता. आठ दिवस दोघं माझ्या तोंडून बोलत होती. "मामाले सांग जेवाले ये." "मायले सांग भूक नाई."

दोनच्या सुमाराला होडी बुडाली. तिच्यावर तिघं होते. दगड मागच्या बाजूला घसरले, होडीचा मागचा भाग आधी खाली गेला. दोघांनी उड्या मारल्या. मामा त्या वेळी पुढच्या कप्प्यात दोर काढायला शिरलेला होता. तो बाहेर आला नाही. होडी काठापासून फार लांब नव्हती, पण पाणी तिथे पाच पुरुष खोल होतं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी सपाट झालं होतं. काठावरच्या खुंट्यापासून होडीला बांधलेली पोलादी तार पाण्यात तिरकी ताणून गेली होती, तेवढीच खूण.

मुकादम म्हणाला, "तारेले बैलं लावा. ओढून काढू. निदान माती तरी होईल त्याची." निम्मा गाव तिथे जमला होता, आणि सजवलेल्या जोड्या शंभर पावलांवर उभ्या होत्या. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याच खांद्यांना तूप-हळद लावलेली असते. किसनबाप्पू गावात वयाने मोठे, पोळ्यात पहिली जोडी त्यांची. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

"आज जू नाई ठेवनार. कोनीच नाई ठेवनार."

"माहा भाऊ पान्यात हाये, बाप्पू!" आई म्हणाली.

"मले दिसते ना, बाई. पन तो गेला. गेलेल्याले उद्याबी काढता येते."

"तुमचा पोरगा असता तं?"

"तरीबी नाई."

आई त्यांना काय काय बोलली ते मी लिहीत नाही. बाप्पू सगळं ऐकत उभे राहिले. बाबा त्या उभ्या जोड्यांतून आमची जोडी घेऊन आले. मला म्हणाले, "इस्माईलभाईले उठव." लोक बाजूला झाले, पण कुरकुर सुरू होती. बैलांच्या कपाळावरची बाशिंगं आईने आपल्या हाताने ओढून काढली. एवढं बघून मी पळाले.

इस्माईलभाई घोरत होते. मी सांगितलं तसे उठून बसले आणि त्यांनी एकच विचारलं, "ओढली का होडी?"

"नाई. बैल जुपून राह्यले."

त्यांनी चपला घातल्या नाहीत. पन्नाशीचा माणूस, पोटात चार पुरणपोळ्या, आणि मी त्यांच्या मागे पडत होते.

बाबांनी जू ठेवलं होतं, दोर तारेला बांधला होता आणि हात वर केला होता. इस्माईलभाई बैलांच्या पुढ्यात जाऊन आडवे उभे राहिले. "सोडा! आधी तो दोर सोडा!" मुकादम चिडला. त्याच्याकडे न बघता त्यांनी त्या दोघा वाचलेल्यांना विचारलं, "कुठली बाजू आधी गेली? मागची? नक्की?" मग बाबांना म्हणाले, "दादा, मागची बाजू आधी गेली, म्हणजे हवा पुढच्या कप्प्यात अडकली असणार. माणूस पण तिथंच आहे. ओढलीत तर होडी कुशीवर होईल, हवा निघून जाईल, आणि मग खरंच मातीच काढाल."

त्यांनी हातोडा मागितला. खुंट्याशी गुडघे टेकून तारेवर तीन ठोके मारले आणि मग ती तार दातांत धरली. हे मी समोर उभं राहून पाहिलं. डोळे मिटून, तार दातांत धरून बसले. पुन्हा तीन ठोके, पुन्हा दात. सगळे गप्प होते, फक्त बैलांची घुंगरं वाजत होती, तर त्यांनी हाताने ती धरायची खूण केली. बाबांनी दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या माळा मुठीत धरल्या. मग इस्माईलभाईंनी तार सोडली, तोंडातला गंज थुंकला आणि म्हणाले, "आहे. तीनाला तीन देतोय."

आई त्यांच्यापुढे आली. "मंग उतरा ना, भाऊ!"

"उतरतो. पण वहिनी, तुमच्या पोळ्या आधी परत करायला लागतील." हे ते गंमत करत म्हणाले नव्हते. टोप घातल्यावर खाली ओकारी आली तर ती जायला जागा नसते. माणूस आतल्या आत गुदमरतो. पोट उतरायला तीन तास हवेत, आणि कप्प्यातली हवा तीन तास पुरेल असं कोणी सांगू शकत नव्हतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "चौकीदाराच्या घरून मीठ आन. मूठभर. पय."

मी लोटाभर कडक मीठपाणी करून आणलं. बाभळीच्या आडोशाला इस्माईलभाईंनी ते घटाघट प्यायलं आणि घशात बोटं घातली. मी लोटा धरून शेजारी उभी होते. पुरण जसं खाल्लं होतं तसंच आलं, तूपही. दुसरा लोटा मागितला. तिसऱ्याला नुसतं पाणी आलं तेव्हा तोंड पुसलं आणि म्हणाले, "झालं. चल." मला रडू आलं नाही. मी मनात पोळ्या मोजत होते आणि चारही आल्या की नाही, याचीच मला काळजी होती.

दत्तूने पंप भिंतीवरून खाली आणला. पोशाख चढवायला दोन माणसं लागायची, ती बाबा आणि मुकादम झाले. पंपाच्या एका चाकावर दत्तू बसला. दुसऱ्या चाकावर कोण, असं त्याने विचारायच्या आत किसनबाप्पू पागोटं काढून पुढे आले. आई म्हणाली, "आता काऊन?" बाप्पू चाकाला हात घालत म्हणाले, "मानसाच्या खांद्याले आज मनाई नाई, बाई." इस्माईलभाई तारेला धरून पाण्यात गेले. आधी पितळी टोप दिसेनासा झाला, मग फक्त बुडबुडे.

बुडबुडे होडीच्या जागेपर्यंत गेले आणि बंद पडले. दत्तू चाक फिरवत म्हणाला, "घाबरू नका, तो कप्प्यात शिरला. आता त्याची हवा आत साठतेय." मामाला निदान हवा मिळाली, हे कळलं. बाप्पूंच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि चाक सोडता येत नव्हतं, म्हणून मी तो ओढणीने पुसला. बऱ्याच वेळाने इस्माईलभाईंच्या कमरेला बांधलेल्या दोरीला दोन झटके आले. टोप वर आला. एकटाच.

काठावरच्या बायांनी रडायला सुरुवात केली. इस्माईलभाईंनी पाण्यातूनच हात हलवून गप्प राहायला सांगितलं. काच काढल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "धडधाकट आहे. पण येत नाही."

"म्हंजे?"

"त्याचं डोकं टोपाला टेकवून मी म्हटलं, तुला कप्प्याच्या तोंडातून बाहेर काढतो, मग तू दोरीने वर जा. पण जाताना तोंड उघडं ठेव. ओरडत जा. तर म्हणतो, पाण्यात कोण तोंड उघडतं, मी नाही उघडणार, तू मला मारायला आलास."

आता इथे थोडं सांगायला हवं. मामा आयुष्यभर विहिरीत श्वास कोंडून उतरला होता. वरून घेतलेला श्वास वर आणण्यात काही धोका नसतो. पण या वेळी त्याने श्वास खालीच घेतला होता. "तिथली हवा पाण्याने दाबलेली असते," इस्माईलभाई म्हणाले. "माणूस वर येतो तशी ती छातीत फुगत जाते. बाहेर सोडली नाही तर..."

"भाकरीवानी," आई म्हणाली. "वाफेले वाट नाई भेटली का फुटते."

"अगदी. मी त्याला ओढून काढीन. पण त्याचं तोंड मला उघडता येणार नाही. आणि जितका चांगला पोहणारा, तितकं गच्च मिटणार." ते आईकडे बघत होते. "वहिनी, तो कोणाचं ऐकतो?"

"कोनाचंच नाई."

काठावर कोणीतरी सुचवलं, देवाचं नाव घ्यायला सांगा. कोणी म्हटलं, गाणं म्हणायला सांगा. आईने हात झटकून सगळ्यांना गप्प केलं. ती घोट्यापर्यंत पाण्यात शिरली, काच उघड्या टोपाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "त्याले म्हना, अक्कानं सांगितलं हाये. आठ दिसांपासून पोटात धरून राह्यला ना? तं मले शिव्या देत वर ये म्हना. लोनारच्या पोरीवरून जेवढ्या असतील तेवढ्या. एकबी ठेवू नको म्हना. मी इथीच उभी हाये आइकाले."

बायांपैकी एक हसली आणि तोंडावर पदर घेतला. इस्माईलभाई हसले नाहीत. त्यांनी निरोप शब्दाला शब्द म्हणून दाखवला, "शिव्या" हा शब्दही न गाळता, आणि काच लावून घेतली.

दुसऱ्या वेळी चाक बाबांनी घेतलं. बाप्पू बाजूला बसून धापा टाकत होते. ऊन उतरणीला लागलं होतं. गावाकडे कोणाचे तरी उरलेले बैल हंबरत होते. आई पाण्यात तशीच उभी होती आणि तिच्या लुगड्याचा काठ पाण्यावर पसरला होता. मी तिच्या मागे उभी राहून एक, दोन, तीन असं मोजत होते. माझे आकडे किती झाले ते मी विसरले, कारण मध्येच पाण्यात बुडबुड्यांचा एक झोत आला. पंपाच्या बुडबुड्यांसारखा एकसारखा नव्हता. तुटक, भसाभसा. आणि त्याच्या मागोमाग मामाचं डोकं पाण्याबाहेर आलं. तोंड सताड उघडं. त्यातून आवाज येत होता आणि पाणीही जात होतं, त्यामुळे शब्द कोणालाच कळला नाही.

दोघांनी त्याला ओढून काठावर आणलं. ओठ निळे, कपाळाला खोक, एक पायताण नाही. पालथा घातला, पाणी काढलं, चौकीदाराची घोंगडी गुंडाळली. तो थडथड कापत होता आणि श्वास घेत होता. किसनबाप्पू आले, त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोळा पाळला म्हनून वाचला." ते खोटं नव्हतं. त्यांनी लगेच जोडी दिली असती तर इस्माईलभाई येण्याआधीच होडी पलटली असती. पण ही गोष्ट आईने त्या दिवशीही कबूल केली नाही आणि पुढे मरेपर्यंत नाही. ती मामाजवळ बसली नव्हती. दोन पावलांवर उभी राहून लुगडं पिळत होती.

इस्माईलभाई वर आले. टोप काढल्यावर त्यांचे केस घामाने चिकटलेले होते. आईने त्यांना हात जोडले. मग मान वळवून, मामाकडे न बघता, विचारलं, "दिल्या ना शिव्या? कोनत्या दिल्या?"

"नाही वहिनी. निरोप सांगितला तर हसला, आणि निघाला. पण शिवी एक नाही दिली. मी खालून ऐकत होतो. वर जाईपर्यंत नुसता 'अक्का, अक्का' ओरडत होता."

आई खाली वाकली, घोंगडीचं सुटलेलं टोक मामाच्या मानेखाली घट्ट खोचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य. एवढं सांगून धाडलं, तरी धड आइकलं नाई त्यानं."